उसाच्या बेटावर मधुचंद्र

मॉरिशसच्या जाहिरातीत ऊस नसतो. निळं पाणी असतं, पांढरी वाळू असते, हातात हात घेतलेलं पाठमोरं जोडपं असतं. विमान उतरू लागलं तेव्हा मात्र खिडकीतून दिसला तो ऊस, डोंगरांच्या पायथ्यापासून थेट धावपट्टीच्या कुंपणापर्यंत. "तोडणी सुरू झालेली दिसते," नवरा म्हणाला. मधुचंद्राच्या बेटावर त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. कोकणातल्या शेतकऱ्याच्या घरात पडल्यावर एवढं चालवून घ्यावंच लागतं.

आम्ही दोघंही एक नोकरी सोडून दुसरी धरण्याच्या मधल्या मोकळ्या काळात होतो. त्यामुळे 'पाच रात्री, सहा दिवस' असल्या ठरीव बेतात बसायची गरज नव्हती. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. "इतके दिवस नुसतं पाणी काय बघणार?" त्या म्हणाल्या होत्या. प्रश्न रास्त होता, कारण मुख्य बेट जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटरचं आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव भागाहूनही लहान.

विमानतळ आग्नेय कोपऱ्यात आहे आणि बेटाचा लिखित इतिहासही याच कोपऱ्यातून आत शिरला. १५९८मध्ये डच जहाजं ग्राँ पोरच्या उपसागरात आली आणि त्यांनी आपल्या राजपुत्राचं, मॉरित्सचं, नाव बेटाला दिलं. तेव्हा इथे माणसाची वस्तीच नव्हती. न उडणारा डोडो होता, प्रचंड कासवं होती, एबनीची जंगलं होती. डचांनी १६३९मध्ये जावाहून ऊस आणला. त्यांच्या जहाजांबरोबर उंदीर, डुकरं आणि माकडंही आली आणि सतरावं शतक सरेपर्यंत डोडो संपला. १७१०मध्ये डच कंटाळून निघून गेले. १७१५मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि १८१०मध्ये इंग्रजांनी.

त्या १८१०च्या ऑगस्टमध्ये याच उपसागरात इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली आणि ती फ्रेंचांनी जिंकली. पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचं नाव कोरलेलं आहे. पण डिसेंबर उजाडला तोवर बेट इंग्रजांचं झालं होतं. फ्रेंच वसाहतवाल्यांची भाषा, कायदे आणि धर्म तसेच ठेवण्याचं शरणागतीच्या अटींत कबूल केलेलं असल्यामुळे पुढच्या दीडशे वर्षांच्या इंग्रजी राजवटीत जमिनी आणि साखर फ्रेंच वंशाच्या घराण्यांकडेच राहिली. आजही संसदेचं आणि शाळेचं कामकाज इंग्रजीत चालतं, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये निघतात, आणि भांडण, प्रेम, घासाघीस हे सगळं क्रेओलमध्ये. 'की मान्येर?' म्हणजे 'कसं काय?' एवढं आलं तरी दुकानदाराचा चेहरा बदलतो.

याच उपसागराकाठच्या माएबूरच्या किनाऱ्यावर कोळी लोक वेगळंच काही सांगत होते. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचं मालवाहू जहाज इथल्या प्रवाळभिंतीवर चढलं आणि पुढे सुमारे हजार टन तेल खाजणात सांडलं. सरकारी यंत्रणा हलेपर्यंत लोकांनी कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचं पाचट भरलं आणि ते तरंगते बांध पाण्यात सोडले. केशकर्तनालयांतून केसही गोळा झाले, कारण केस तेल धरून ठेवतात. उसाने या बेटाचं बरंवाईट खूप केलंय, पण पाचटाचा हा उपयोग ज्याला सुचला त्याला सलाम.

रस्त्याने उत्तरेला निघालं की उसानंतर दुसरी गोष्ट डोळ्यांत भरते. शेतांच्या ऐन मध्यावर काळ्या दगडांचे ढीग आहेत, काही माणसाहून उंच, काही तर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले. बेट ज्वालामुखीतून जन्मलेलं, त्यामुळे माती कमी आणि बसाल्टचे धोंडे फार. ऊस लावायचा तर आधी धोंडे उचलायला हवेत. यंत्रं येण्याआधी ते हातांनी उचलले गेले, आधी गुलामांच्या आणि मग करारावर आणलेल्या मजुरांच्या. नवरा एका ढिगाशी बराच वेळ थांबला. आमच्याकडे जांभ्याचे दगड काढले की त्यांचा गडगा होतो आणि गडग्याच्या आतली जमीन दगड काढणाऱ्याची असते. इथे दगड उचलणाऱ्याला गडगा घालायला जमीनच नव्हती.

पोर्ट लुईच्या बंदरावर, मोटारींच्या वाहत्या रस्त्याला लागून, आप्रवासी घाट आहे. मोठ्या संकुलातले आता थोडेच अवशेष उरलेत: काही भिंती, रुग्णालयाच्या खोल्या, शौचकूप आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या. १८३५मध्ये इथे गुलामगिरी रद्द झाली. नुकसानभरपाई म्हणून सुमारे वीस लाख पौंड मिळाले, पण ते मालकांना. सुटलेल्या माणसांना काहीच नाही. ते मळ्यांवर परत जायला तयार होणार नाहीत, हे आधीच ओळखून इंग्रजांनी 'महाप्रयोग' सुरू केला होता: मुक्त म्हणवणारे, पण कराराने बांधलेले मजूर भारतातून आणायचे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून आलेले ३६ जण ही त्याची सुरुवात. पुढच्या काळात या धक्क्यावर जवळपास पाच लाख माणसं उतरली. हाच नमुना मग फिजी, त्रिनिदाद, गयाना आणि नाताळपर्यंत गेला. म्हणूनच २००६मध्ये युनेस्कोने या मोडक्या भिंतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

कराराची कलमं वाचताना मी थांबत थांबत वाचत होते. पाच वर्षांची बांधीलकी, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचा, याला 'दुहेरी काट' म्हणत. १८६७च्या कायद्याने करार संपलेल्यांनाही छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटका म्हणून अटक. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रं जपून ठेवली आहेत: क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, अंगावरच्या खुणा. बहुतेक माणसं कलकत्त्याहून आली, त्याखालोखाल मद्रासहून आणि सर्वांत कमी मुंबईहून. मुंबईहून निघालेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतले लोक होते. कारकुनाने बापाचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकलं आणि तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. त्यामुळे इथल्या मराठी घरांत जाधव-मोरे शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. 'जी'ने संपणारी नावं मात्र बरीच भेटतात.

छायाचित्रांतली माणसं सरळ कॅमेऱ्यात बघतात. आमच्या मोबाइलमध्ये तोवर शेकडो फोटो जमले होते आणि त्यांतल्या एकातही आम्ही दोघं सरळ समोर बघत नव्हतो. नवविवाहितांनी क्षितिजाकडेच बघायचं असतं, असं कुणीतरी ठरवून टाकलंय.

घाटावरून बाहेर पडलं की बाजार, आणि बाजारात ढोल पुरी. हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून, मैद्याच्या पोळीत भरायची आणि पातळ लाटून तव्यावर भाजायची. गोडाचा पत्ता नाही. ही पुरणपोळी गुळाशी भांडून परदेशी निघून आलेली दिसते. दोन पोळ्यांची जोडी, त्यात पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रुगाय आणि मिरचीची चटणी, आणि ही गुंडाळी कागदात बांधून हातात. ख्रिस्ती, मुसलमान, चिनी, हिंदू सगळे एकाच रांगेत उभे. बेटाला एकत्र ठेवण्यात संविधानाइतकाच वाटा या रांगेचा असावा. कारण एरवी तोल नाजूक आहे. नोटांवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि हिंदीतही मजकूर असतो. १९९८मध्ये नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या वर छापली गेली, तमिळ समाज संतापला आणि त्या नोटा मागे घेऊन क्रम पुन्हा बदलावा लागला. नोटांवरचे चेहरेही असेच वाटून दिलेले: चिनी, मुसलमान, तमिळ, क्रेओल, फ्रेंच वंशाचा, हिंदू. हे सगळं बघून मला हसू आलं. मग आपल्या लग्नाच्या पत्रिकेवर कुणाचं नाव कुणाच्या वर यावरून झालेली धुमश्चक्री आठवली आणि हसू आवरलं.

पाँपलमूसच्या बागेतली परातीएवढी कमळपानं सगळेच बघतात, आम्हीही बघितली. मधल्या पठारावर क्यूरपीपकडे चढताना घरं लक्ष वेधून घेतात. सपाट छताची, काँक्रीटची, वर गंजक्या सळ्या आभाळाकडे उभ्या. फेब्रुवारी १९६०मध्ये 'कॅरल' चक्रीवादळाने पत्र्याची आणि लाकडाची घरं उडवून लावली, तेव्हापासून लोकांचा भरवसा काँक्रीटवर. सळ्या मुलाच्या लग्नानंतरच्या मजल्यासाठी. अंगणात कोपऱ्यात मारुतीचं छोटं देऊळ आणि कळकावर लाल झेंडे. त्याच सुमारास, १९६१मध्ये, जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने अहवाल दिला होता की लोकसंख्या वाढतेय, पीक एकच आहे, या बेटाचं भवितव्य काळोखं आहे. पुढे मीड यांना नोबेल मिळालं आणि मॉरिशसने त्यांचं भाकीत खोटं ठरवलं. १९६८मध्ये स्वातंत्र्य, १९७० नंतर निर्यातीचे कपड्यांचे कारखाने, मग पर्यटन, मग बँका. आता दरवर्षी येणारे पर्यटक बेटावर राहणाऱ्या माणसांपेक्षा जास्त असतात. युरोपची हमीभावाची साखरखरेदी २००९मध्ये संपली. एके काळी अडीचशेच्या वर साखर कारखाने होते, आता तीन उरलेत. ते चिपाडापासून वीजही करतात.

गंगा तलाव हा ज्वालामुखीच्या मुखात साठलेला तलाव. शिवरात्रीला लाखो लोक खांद्यावर कावडी घेऊन चालत इथे येतात. आम्ही गेलो तेव्हा धुकं होतं, माकडं होती आणि ३३ मीटर उंचीचा शंकर कमरेपर्यंतच दिसत होता. १९७२मध्ये गंगेचं पाणी आणून या तलावात ओतलं, तेव्हापासून हे गंगा तलाव. स्वेटर न आणल्याचा पश्चात्ताप दोघांनाही झाला, पण ती काही सांगण्यासारखी गोष्ट नाही.

पश्चिमेला रिव्हियेर न्वार जिल्ह्यात उतरलं की हवा कोरडी होते. मराठी कुटुंबांची जुनी वस्ती याच बाजूला. कास्कावेलमध्ये एका घरी आमचं जेवण होतं. घरातल्या आजींनी मला जवळ बसवून आधी मंगळसूत्र पाहिलं, मग कुंकू लावलं आणि मग क्रेओलमध्ये जे बोलायला लागल्या ते सुनेने इंग्रजीत सांगितलं. मराठी त्यांना आरतीपुरती आणि ओवीपुरती येते. नात मात्र शाळेत मराठी शिकते. मॉरिशसमध्ये प्राथमिक शाळेपासून पूर्वजांची भाषा निवडता येते आणि मराठी त्यांतली एक. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. मराठी माणसं मूठभर, तरी सणाची सुट्टी सगळ्या देशाला, याचा इथल्या मराठी घरांना असलेला अभिमान लपत नाही.

संध्याकाळी गावातल्या सभागृहात तालीम होती. तरुण पोरं, थोड्या पोरी, मध्ये मृदंगवाला, भोवती रिंगण, पायांत घुंगरू. नवरा दारातच थबकला. ती जाखडी होती. कोकणात गणपतीत घरोघर नाचतात तीच. इथे तिला झाकरी म्हणतात आणि गणपतीत, लग्नात नाचतात. गाण्याची वही रोमन लिपीत होती. गाणारा पोरगा दिवसा साखरेच्या नव्हे, विम्याच्या कचेरीत काम करतो. त्याने गणाची सुरुवात केली आणि नवरा नकळत पायाने ठेका धरू लागला. दोन गाण्यांनंतर त्याला रिंगणात ओढलं गेलं. त्याचे पाय चुकत नव्हते, पण ती पोरं संथ नाचत होती आणि हा दर वळणावर पुढे निघून जात होता. मधुचंद्राचा व्हिडिओ म्हणून माझ्याकडे हाच आहे.

तिथून दक्षिणेला ल मॉर्न. समुद्रात घुसलेला ५५६ मीटर उंचीचा उभा कडा, पायथ्याशी पांढरी वाळू. लग्नाचे फोटो काढायला सगळ्यांत मागणी याच किनाऱ्याला. पळून गेलेले गुलाम या कड्याच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत. १८३५मध्ये गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर आले, ते पकडायलाच आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं पिढ्यानपिढ्या सांगतात. १ फेब्रुवारीला देशाला सुट्टी असते ती याच आठवणीची. रविवारी किनाऱ्यावरच्या सुरूच्या सावलीत कुटुंबंच्या कुटुंबं पातेली घेऊन येतात. राव्हान नावाचं बकरीच्या कातड्याचं मोठं डफ आगीवर शेकून ताणतात आणि सेगा सुरू होतो. सेगा गुलामांनीच घडवलेला. वाळू सगळ्यांची, पण मागची जमीन? फ्रेंचांनी संरक्षणासाठी किनाऱ्यालगत ८१.२१ मीटर रुंदीचा पट्टा राखून ठेवला होता. तो आजही सरकारी आहे आणि त्याचे मोठे तुकडे भाडेपट्ट्याने हॉटेलांकडे आहेत. किनाऱ्यावर जायची वाट कुठून, यावरून स्थानिकांची कुरबूर कायमची.

ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही मॉरिशसच्याच रोद्रिग बेटावर गेलो. पूर्वेला सुमारे सहाशे किलोमीटर, आकार १०८ चौरस किलोमीटर, वस्ती चाळीस-पंचेचाळीस हजार, बहुतेक आफ्रिकी-मलागासी वंशाचे कॅथलिक. इथे ऊस नाही. टेकड्यांवर मका, मिरची, गाई आणि घरांपुढे चुन्याने रंगवलेले दगड. भोवतीचं खाजण बेटाच्या दुपटीहून मोठं. ओहोटीला बायका गुडघाभर पाण्यात लोखंडी सळई घेऊन निघतात, प्रवाळाच्या कपारीत टोचतात आणि ऑक्टोपस बाहेर काढतात. मग काठ्यांच्या मांडवावर ते वाळत घालतात, वारा लागला की ते पताकांसारखे हलतात. फार उपसा झाल्याने पकड घटली, म्हणून २०१२पासून दरवर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर बंदी पाळतात. त्या काळात या बायकांना दुसरं काम देऊन मजुरी दिली जाते. आम्ही होतो तेव्हा बंदीला थोडेच दिवस उरले होते आणि पाण्यात गर्दी होती. मी एकीला सांगितलं की आमच्याकडेही जून-जुलैत मासेमारी बंद असते. तिने विचारलं, "आणि तेव्हा मजुरी कोण देतं?" मी विषय बदलला.

मुंबईत उतरलो तेव्हा धो धो पाऊस. दोन दिवस पाहुणे, फोटो आणि 'मग, पाणी कसं होतं?' हा एकच प्रश्न. मग संगमेश्वरकडच्या गावी. लावणी कधीच आटोपली होती, भात पोटरीला आला होता आणि आळीतली निम्मी घरं अजून कुलपात होती. चतुर्थीच्या आधी ती उघडतात. जादा गाड्या सोडाव्या लागतात इतके चाकरमानी तेव्हा उतरतात. सासऱ्यांना मी नोंदवहीबद्दल सांगत होते, जात, गाव, अंगावरच्या खुणा. ते म्हणाले, "मुंबईच्या गिरणीत आमच्या बापाचंही असंच लिहून घेतलं होतं." आणि पुढे काहीच बोलले नाहीत. पान लावत बसले.

ओटीवर जाखडीची तालीम सुरू झाली होती. नवऱ्याने बुवांना कास्कावेलचा व्हिडिओ दाखवला. बुवांनी चष्मा लावला, तीनदा पाहिला, नवऱ्याचे पाय बघून हसले आणि मग गंभीर झाले. ठेका आपलाच आहे म्हणाले, पण चाल पडते, दुसऱ्या कडव्याला उचलायला हवी. मृदंगावर शाई कोण भरतं तिकडे, हेही विचारलं. मला कुठलं माहीत? शेवटी त्यांनी नवऱ्याला मोबाइल धरून बसवलं, एक अख्खा गण चढ्या चालीत म्हटला आणि "चतुर्थीच्या आत त्या पोरांना पाठव" म्हणून सांगितलं. रात्रीच पाठवला. आपल्याहून घड्याळ दीड तास मागे असल्याने तिकडे अजून जेवणंही झाली नसतील. सकाळी विमा कचेरीतल्या पोराचं उत्तर आलं होतं: चाल फार आवडली, पण पावसाच्या आवाजात मृदंग ऐकू येत नाही, पत्र्याखाली बसू नका, पुन्हा म्हणून पाठवा.